हव्वेचा खांदा

अमिरातीतल्या रास अल खैमाच्या आमच्या घरात कुठल्याही दोन खोल्यांची जमीन एकसारखी नव्हती. बाबा तिथल्या टाइल्सच्या कारखान्यात, रंगाचा मुलामा करणाऱ्या लॅबमध्ये केमिस्ट होते, आणि रंग बिघडलेल्या किंवा कोपरा उडालेल्या टाइल्स तिथल्या लोकांना घरी नेता येत. त्यामुळे स्वयंपाकघर अर्धं राखाडी नि अर्धं गुलाबी, बाथरूम शेवाळी, आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली एक निळा चौकोन, जो कशाशीच जुळत नसे. आई म्हणायची, "पाहुणे आले की आधी खाली बघतात आणि मग माझ्याकडे." खिडकीतला एसी अखंड घरघरत असे, म्हणून आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. वीज गेली की आपण भांडत होतो की काय असं वाटायचं. पहाटे कारखान्याच्या बसचा हॉर्न, त्याच सुमाराला बांग, आणि मग आईचा मिक्सर. शुक्रवारी बाबा बंदरावरून सुरमई आणत. बाकीचे दिवस आमटी-भात, आणि पोळ्या करायचा आईला कंटाळा आला की कोपऱ्यावरच्या बेकरीतले गरम खबूस आमटीत बुडवून खायचे. त्या खबूसची चव मला आजही आईच्या पोळ्यांपेक्षा जास्त आठवते, हे तिला मी कधी सांगितलं नाही. मी बऱ्याच गोष्टी सांगितलेल्या नाहीत.

मी सोळा वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण मुक्ता अकराची. मी डोंबिवलीला चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून इथे आले होते. ती आली तेव्हा शाळेतही जात नव्हती, त्यामुळे तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. मी वर्गात पहिली यायचे. दर वर्षी, न चुकता. बाबा माझ्या गुणपत्रिकेवर सही करायचे आणि पेपर वाचायला घ्यायचे. मुक्ताने पेपरच्या समासात एक मांजर काढलं, तर त्याच पेपरची ती पट्टी त्यांनी कापून पाकिटात ठेवली. "हिच्या हातात काहीतरी आहे," असं ते आल्यागेल्याला सांगत. माझ्या हातात त्या वेळी चहाचा ट्रे असे. मला बहिणीचा राग यायचा असं म्हणणं फार सौम्य होईल. ती पेन्सिलीला टोक करत बसली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि ती मात्र माझ्यामागे 'ताई, ताई' करत फिरायची, माझी वेणी घालायची, मी झोपले की माझं चित्र काढायची. दुष्टपणा करायला यापेक्षा सोयीचं माणूस मिळत नाही.

बाबांच्या कारखान्यातला एक अमेरिकन सल्लागार देश सोडून जायला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने घरातल्या सामानाचा सेल लावला. आम्ही चौघे गेलो. मुक्ता तिथे एका खोक्यावर बसून बाईच्या कुत्र्याचं चित्र काढायला लागली. बाई पाघळली आणि तिने मुक्ताला एक भलंमोठं पुस्तक फुकट दिलं, गेल्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांचं. मला तिने इस्त्रीचं टेबल दाखवलं. ते पुस्तक कधीतरी बाहेरून मागवलेलं होतं, आणि इथे येताना कुणी तपासणाऱ्याने त्यातल्या उघड्या बायकांवर जाड काळा मार्कर फिरवला होता. त्या काळी पुस्तकं-मासिकं अशीच यायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आई तर म्हणाली, "बरं झालं, घरात मुली आहेत." बहुतेक पानांवर ते काळे डाग सरळ दिसत. नदीत आंघोळ करणारी बाई म्हणजे पाण्यात उभा असलेला डांबराचा ठोकळा. पण एका पानावर ते काम इतकं निगुतीने झालं होतं, आणि चित्र मुळातच इतकं काळपट होतं, की कुणाच्या लक्षात आलं नाही.

चित्राखाली 'हाबेलचा मृत्यू' अशा अर्थाचं काहीतरी छापलं होतं. चित्रकाराचं नाव कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला अमेरिकावालाच म्हणायचो. उजाड डोंगराचा पायथा, आमच्या घरामागच्या डोंगरासारखाच. लांबवर दगडांच्या दोन वेदी, एकीचा धूर सरळ वर चाललेला, दुसरीचा जमिनीवर लोळणारा. पुढे कातडं गुंडाळलेला आदाम, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा उभा. आणि खाली बसलेली हव्वा, डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या वस्त्रात, मांडीवर मेलेल्या मुलाचं डोकं घेऊन वाकलेली. तिचा फक्त एक हात आणि अर्धा चेहरा दिसत होता. अबायाच्या काळ्या पायघोळ झग्यात वाकून बसलेली बाई आम्ही बाजारात, दवाखान्यात, बसस्टॉपवर रोज पाहायचो. मुक्ताला त्यात नवल वाटण्याचं काही कारण नव्हतं. मलाही वाटलं नाही.

गोष्ट सांगितली ती खालच्या मजल्यावरच्या सेलिनकाकूंनी. त्या वसईच्या, बायबल मराठीतूनच वाचणाऱ्या. "जगातलं पहिलं मरण हे, बाय," त्या म्हणाल्या. "त्या दोघांनी त्याच्याआधी मेलेलं माणूस पाहिलंच नव्हतं. तिला वाटत असणार, झोपलाय."

मुक्ता पानाकडे बघत राहिली. मी विचारलं, "मारलं कुणी?"

"थोरल्या भावाने. काइनने. दोघांनी देवाला दान आणलं. देवाने हाबेलचं घेतलं, ह्याचं घेतलं नाही."

"का? त्याने काय वाईट आणलं होतं?"

"शेतातलं पीक आणलेलं."

"मग?"

"तू फार प्रश्न विचारतेस, बाय," काकू म्हणाल्या आणि आम्हाला नारळाच्या वड्या दिल्या. मला काइनचं म्हणणं पूर्ण पटलं होतं. वडी खातानाही मी त्याचाच विचार करत होते.

शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाचा विषय होता 'मदर'. बाकीच्या मुली पाळणा, स्वयंपाकघर, गाय आणि वासरू काढणार होत्या. मुक्ता म्हणाली, "आय विल डू हर." आई कुरकुरली, की दुसऱ्यांच्या देवाचं कशाला, गौरी-गणपती काढ. पण बाबांनी कारखान्यातून टाइल्सच्या पॅकिंगचा जाड पुठ्ठा आणला, जवळजवळ मुक्ताच्या उंचीचा. तीन आठवडे ती दोघं बैठकीच्या खोलीत पेपर पसरून बसलेली असत. डोंगर आणि आदाम तिने एकटीने केले. हव्वेच्या काळ्या वस्त्रासाठी बाबा बसले. "बाटलीतला काळा घ्यायचा नाही," ते म्हणाले. "काळा करायचा असतो." फुटक्या पांढऱ्या टाइलवर त्यांनी निळा घेतला, त्यात तपकिरी, मग बोटाच्या टोकाने किंचित लाल. तो काळा खरोखर जिवंत होता, त्यात घड्या दिसायच्या. ते तिचं मनगट धरून ब्रश कसा ओढायचा ते दाखवत. माझं मनगट त्यांनी शेवटचं कधी धरलं होतं, ते मला आठवेना. बहुतेक रस्ता ओलांडताना.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. चित्र पुठ्ठ्यावर उतरल्यापासून पुस्तक मुक्ताच्या उशाशी न उघडता पडून होतं, त्याचं ते पान मी खिडकीशी नेऊन तिरपं धरलं, कशासाठी ते माहीत नाही. हव्वेचं वस्त्र उन्हात जांभळं चमकलं. आदामाची सावली चमकली नाही. म्हणजे तो काळा छापलेला नव्हता, वरून फिरवलेला होता. आईची नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि हलक्या हाताने पुसलं. थोडी छपाईही निघाली, पण खालून एक खांदा आला. उघडा, गोरा, पुढे झुकलेला, दमलेल्या बाईचा खांदा. मी तिथेच थांबले. बाप आणि लेक तीन आठवडे एका मार्करच्या डागाला घड्या पाडत होते, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी एकटीच हसत सुटले.

हे मी मराठीत लिहिते आहे त्याचं कारण सांगून टाकते. मुक्ताला अक्षरं जुळवत पाट्या वाचता येतात, अख्खं पान वाचवत नाही. ऑफिसातले लोक म्हणायचे की माझं इंग्रजी फार चांगलं आहे.

मी तिला सांगायला हवं होतं, एवढंच नाही. मी पुढे गेले. संध्याकाळी तिच्याशेजारी बसून म्हटलं, "काठाला सोनेरी नक्षी काढ ना, इथल्या बायकांच्या अबायाला असते तशी." तिने लगेच काढली. मग म्हटलं, "खाली नावं लिहू या, अरबीत. मी लिहून देते." शाळेत अरबी सक्तीची होती आणि त्यातही मी पहिली होते. आदम आणि हव्वा, दोन्ही नावं मी घोटीव अक्षरांत लिहिली. मुक्ता म्हणाली, "ताई, इट लुक्स सो रिअल!" आणि माझ्या गळ्यात पडली. मला फक्त तिचं हसं व्हायला हवं होतं, एवढं खरं. बाकीचं मला सुचलं नव्हतं. पण सुचलं असतं तर मी थांबले असते का, हे आज केस पांढरे झाल्यावरही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांत जास्त गर्दी तिच्या चित्रापुढे होती. ड्रॉइंगच्या मिस आल्या, त्यांनी एका मुलीकडून खालची नावं वाचून घेतली, चित्र बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "ईव्ह इन अबाया!" त्या म्हणाल्या, "विथ गोल्ड बॉर्डर!" मग सगळेच हसायला लागले. मुलं, आया, बाप. मुक्तासुद्धा हसली, कारण तिला वाटलं लोकांना आवडलंय. मिसनी मग मोठ्याने समजावलं, "बेटा, ईव्ह को कपडे नहीं होते. वो तो बुक में मार्कर से काला करते हैं ना, तूने वही कॉपी किया?" मुक्ताचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे मला शोधायला लागले. मी समोसे ठेवलेल्या टेबलाकडे बघत होते.

तेवढ्यात हेडमिस्ट्रेस आल्या, त्यांचं लक्ष अरबी अक्षरांकडे गेलं आणि त्यांचा रंग उतरला. आदाम म्हणजे इथल्या लोकांसाठी पैगंबर, आणि पैगंबराचं चित्र काढायचं नसतं, हे आम्ही अरबीच्या तासाला शिकलो होतो. मीही शिकले होते. त्यांनी टेबलावरची चादर ओढून चित्रावर टाकली आणि बाबांना कारखान्यातून बोलावून घेतलं. "मिस्टर दामले, किसीने कम्प्लेंट किया तो? हमको भी यहीं रहना है," त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. अरबीचे इजिप्शियन मास्तर, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो, त्यांनाही बोलावलं. त्यांनी चादर उचलली, बराच वेळ बघितलं. मग इंग्रजीत म्हणाले, की आम्ही पैगंबरांची चित्रं काढत नाही, हे तू लक्षात ठेव, पण माझा भाऊ गेला तेव्हा माझी आई अशीच बसली होती. "खलास," ते हेडमिस्ट्रेसना म्हणाले, "ती लहान आहे. घरी नेऊ दे." त्या हॉलमध्ये मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवणारा तो एकटा माणूस. त्यांच्या बाजूने प्रकरण तिथेच मिटलं होतं.

बाबांच्या डोक्यात मात्र ते मिटलं नाही. गाडीत ते स्टिअरिंग इतकं घट्ट धरून बसले होते की बोटं पांढरी पडली होती. व्हिसा रद्द, नोकरी गेली, आठवड्यात सामान बांधा, अशा ऐकीव गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या. तरीही घरी आल्यावर ते मुक्ताला म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दोघांची चूक. बघू या तरी तो मार्कर." आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

लॅबमध्ये आयुष्य गेलेला माणूस. एका नजरेत त्यांनी ओळखलं की कुणीतरी अ‍ॅसिटोन लावून मार्कर पुसलाय. त्यांनी पान नाकाशी नेलं, मग पुस्तक मुक्तापुढे धरलं. "म्हणजे तुला माहीत होतं," ते म्हणाले. "खाली काय आहे ते तू बघितलंस, आणि मुद्दाम तिला इथला अबाया घातलास. वर नावं लिहिलीस. गंमत म्हणून? माझी नोकरी तुला गंमत वाटते?"

"आय डिडन्ट, बाबा. आय प्रॉमिस."

"पुस्तक कुणाच्या उशाशी असतं?"

"माझ्या."

"मग?"

ती माझ्याकडे बघत होती, संशयाने नाही. मी सगळ्यात पहिली येणारी ताई, काहीतरी उत्तर काढेन म्हणून बघत होती. मी टीव्हीखालच्या निळ्या चौकोनावरची धूळ पायाने पुसली. आई ओढणीला हात पुसत दारात उभी होती, ती म्हणाली, "कबूल कर गं बाई, म्हणजे संपेल." मुक्ता "आय डिडन्ट" एवढंच म्हणत राहिली. तिने एकदा जरी रडून "हो" म्हटलं असतं तरी बाबांचा राग गेला असता. खोटेपणाचा त्यांना जितका राग होता तितका चित्राचा नव्हता.

त्यांनी तिला मारलं नाही. पांढऱ्या टाइलवर पुन्हा निळा, तपकिरी, लाल घेतला, शांतपणे तो काळा केला आणि ब्रश तिच्या हातात दिला. "झाक," म्हणाले. तिने आधी आदाम झाकला, मग डोंगर, मग हाबेलचा चेहरा. हव्वेचा हात राहिला होता, तिथे ती थांबली, तेव्हा बाबांनी बोटाने दाखवलं. पुठ्ठा संपल्यावर ते तिची कपाटातली चित्रं घेऊन आले. सगळी. एकेक कागद तिच्यापुढे ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कुत्रं, सेलिनकाकू, बंदरावरच्या होड्या. एका कागदावर मी झोपलेली होते, तोंड किंचित उघडं, वेणी उशीवर. मला माहीत नव्हतं मी झोपेत इतकी बरी दिसते. "ताई, नीट धर ना, हलतोय," मुक्ता म्हणाली. मी कागद घट्ट धरला आणि तिने मला कपाळापासून खाली काळं केलं. सूर्य मावळायच्या आत सगळं आटोपलं, आणि आईने आम्हाला जेवायला वाढलं. पिठलं-भात होता.

त्यानंतर बाबांनी तिला कधी चित्र काढू नको म्हटलं नाही. ते फक्त बघेनासे झाले. ती आपली चोरून वहीच्या मागे काढायची. मी शिकले, दुबईत नोकरीला लागले, शनिवार ते बुधवार तिकडे आणि सुट्टीला घरी. मुक्ताची बारावी झाली तेव्हा तिने गुपचूप मुंबईच्या एका आर्ट कॉलेजचा फॉर्म मागवला होता. प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी पालकांची सही हवी होती. दुसरा फॉर्म फार्मसीचा, बाबांनी आणलेला. एका शुक्रवारी जेवणानंतर तिने आर्टचा फॉर्म टेबलावर ठेवला. मी बाजूला मटार सोलत होते.

बाबा आता थकले होते, साखर वाढली होती. त्यांनी फॉर्म पूर्ण वाचला, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. मग म्हणाले, "मुक्ता, एकदाच विचारतो, पुन्हा नाही विचारणार. त्या पानाचं खरं काय ते सांग. मग सही करतो."

मी मान वर केली नाही. मटाराची एक शेंग उघडली, तिच्यात किडा होता, तो मी बघत राहिले. एक वाक्य होतं. बाबा, ते मी केलं. एवढंच बोलायचं होतं, आणि ती मुंबईला गेली असती.

मुक्ता त्यांच्या पेनकडे बघत होती. सहा वर्षं ती खरं बोलली होती आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. तिने फॉर्मची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाली, "हो बाबा. मीच पुसलं होतं. आय ॲम सॉरी."

बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखं काहीतरी आलं. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मला सारखं वाटायचं, आपण निरपराध पोरीवर आळ घेतला की काय. तू नाही म्हणाली असतीस ना आत्ताही, तर मी डोळे झाकून सही करणार होतो. तसं ठरवूनच बसलो होतो." त्यांनी पेनला टोपण लावलं. "सहा वर्षं माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललीस. अशा माणसाला एकटीला मुंबईत कसं ठेवू? फार्मसीचा आण, त्यावर करतो. खलास."

तिने फार्मसीचा फॉर्म आणला. त्यांनी सही केली. आईने मटार झाले का म्हणून विचारलं आणि मी झाले म्हटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. मुक्ता रडत नव्हती. बाबांचा सदरा ती नेहमीसारखा नीट घडी करत होती, आधी बाह्या आत, मग कॉलर. मध्येच थांबून तिने मला मराठीत विचारलं, "ताई, मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं का गं?"

मी "हो" म्हणाले.